संस्था कोणाची? संस्थापकाची, अध्यक्षाची की समाजाची?



विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढायचं ठरलं, तेव्हा मंडळाने आम्हाला सांगितलं की तुम्ही काहीतरी इतिहासावर लिहा. आम्ही जिनात काम करणारी माणसं. रेच्यावर सरकी वेगळी करायची, रुईच्या गाठी बांधायच्या, यात आयुष्य गेलं. शाळा सातवीतच सुटली. पुढचं शिक्षण रात्रपाळीनंतर, उसनी पुस्तकं आणून झालं. तेव्हा या लिहिण्यात पंडिताची भाषा सापडणार नाही, हे वाचकांनी आधीच गृहीत धरावं.

विषय कोणता घ्यावा याचा विचार करत होतो, तेवढ्यात या स्मरणिकेवरूनच वाद झाला. पहिल्या पानावर फोटो कोणाचा? ज्या वडीलधाऱ्यांनी कडुनिंबाखाली निळा झेंडा रोवून आणि बाबासाहेबांची तसबीर ठेवून या जागेची सुरुवात केली, त्यांचा? की ज्या अध्यक्षांच्या काळात नोंदणी झाली, स्लॅब पडला, त्यांचा? दोन बैठका यातच गेल्या. मग आम्ही ठरवलं की याच विषयावर लिहायचं. कारण हे भांडण आपल्या एका मोहल्ल्याचं नाही. संस्था काढणारा आणि संस्था चालवणारा यांचं भांडण फार जुनं आहे. मोठमोठ्यांना ते चुकलेलं नाही.

अगदी तथागतांच्या काळापासून पाहू. कोसंबीला घोसिताराम नावाच्या विहारात भिक्षूंचं भांडण झालं, ते विनयपिटकात नोंदलेलं आहे. भांडणाचं मूळ काय, तर शौचाच्या भांड्यात एकाने थोडं पाणी शिल्लक ठेवलं. एक भिक्षू धम्माचा जाणकार, दुसरा विनयाचा जाणकार. एक म्हणे दोष झाला, दुसरा म्हणे नकळत झाला तर दोष कसला? दोघांचे शिष्य दोन बाजूंना झाले आणि संघ फुटायची वेळ आली. भगवान बुद्ध स्वतः समजावायला गेले. तेव्हा एका भिक्षूने त्यांना सांगितलं की भगवंतांनी निवांत असावं, या भांडणाचं आमचं आम्ही पाहून घेऊ. विचार करा, ज्यांनी संघ उभा केला त्यांनाच संघातले लोक सांगतात की तुम्ही बाजूला व्हा!

भगवंतांनी काय केलं? त्यांनी कोणाला हाकलून दिलं नाही, दुसरा संघ काढला नाही. ते एकटे निघाले आणि पारिलेय्यकाच्या वनात जाऊन राहिले. मग भांडण मिटवलं कोणी? कोसंबीच्या उपासकांनी. गावातल्या कुटुंबांनी ठरवलं की या भिक्षूंमुळे भगवंत निघून गेले, तेव्हा यांना वंदन करायचं नाही आणि भिक्षाही वाढायची नाही. भिक्षापात्र रिकामं राहू लागलं तेव्हा दोन्ही बाजू श्रावस्तीला गेल्या, भगवंतांच्या समोर बसल्या आणि चूक कबूल करून मोकळ्या झाल्या. ज्यांच्या घरचं अन्न संस्थेला लागतं, त्यांच्या हातात शेवटचा शब्द असतो, हा या कथेचा अर्थ आम्ही घेतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. देवदत्ताने मागितलं की आता तुमचं वय झालं, संघ माझ्या हवाली करा. भगवंतांनी नकार दिला. परंतु त्यांनी दुसऱ्या कोणालाही गादीवर बसवलं नाही. महापरिनिर्वाणाच्या वेळी त्यांनी सांगितलं की माझ्यामागे धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते. म्हणजे माणसाच्या जागी नियम ठेवला. संस्थापकाने संस्थेला द्यायची सर्वांत मोठी देणगी हीच, असं आम्हाला वाटतं.

आपलं वाशिम हे वाकाटकांचं वत्सगुल्म. त्याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या अखेरीस अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं कोरून घेतलं आणि भिक्षुसंघाला दान दिलं. तसा शिलालेख तिथे आहे. त्याने राजाचं आणि स्वतःचं नाव लिहून ठेवलं हे खरं. नाव लिहावं, त्यात काही गैर नाही. पण लेणं संघाला दिलं म्हणजे दिलं.

आता अलीकडच्या काळात येऊ. महाराष्ट्रात संस्थापक आणि मंडळ यांचं सर्वांत गाजलेलं भांडण म्हणजे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचं. रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी आणि मुलींसाठी शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. पैसा अमेरिकेतल्या बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा होता. इकडे सल्लागार मंडळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी वजनदार माणसं. रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला होता. पण सदनात धर्मप्रचार होणार नाही, हिंदू मुलींना आपल्या रीतीने राहता येईल, असं ठरलेलं होतं.

वाद पेटला तो याच वाक्याच्या अर्थावरून. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. मुली आपणहून येऊन बसत. रमाबाईंचं म्हणणं, मी कोणाला बोलावत नाही, पण आलेल्या मुलीला हाकलणारही नाही. मंडळाचं म्हणणं, हाताखालच्या पोरक्या मुलीसाठी उघडं दार हेच बोलावणं असतं. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. वर्तमानपत्रांनी आगीत तेल ओतलं आणि 1893 साली सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. बोस्टनच्या मंडळाने रमाबाईंची बाजू घेतली, म्हणून सदन टिकलं. पण पुण्यातल्या हिंदू घरांचा विश्वास गेला तो गेलाच.

यातून आम्ही दोन गोष्टी शिकलो. एक, जो शब्द भांडणाचं कारण होईल असं आधीच दिसतं, त्याचा अर्थ पहिल्याच दिवशी कागदावर उतरवावा. प्रचार नाही म्हणजे काय? दार उघडं की बंद? हे 1889 साली लिहिलं असतं, तर कदाचित 1893 आलं नसतं. दुसरी गोष्ट, भांडण झालं तरी काम मरत नाही, ते दुसरी वाट काढतं. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींतली गोदूबाई, तिचा पुनर्विवाह 1893 साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. कर्व्यांनी 1896 साली विधवांसाठी वेगळा आश्रम काढला. रमाबाईंनी केडगावला मुक्ती सदन उभं केलं. म्हणून राजीनामा दिलेल्या माणसाला शत्रू समजण्याची घाई करू नये.

तिसरी गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. कर्मवीर विठ्ठल रामजी शिंदे यांनी 18 ऑक्टोबर 1906 रोजी मुंबईत परळला भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढली. तिलाच लोक डिप्रेस्ड क्लासेस मिशन म्हणत. अध्यक्ष हायकोर्टाचे न्यायमूर्ती सर नारायण चंदावरकर, जनरल सेक्रेटरी स्वतः शिंदे. अध्यक्षांकडे नाव, सरकारदरबारी वजन आणि देणगीदारांची ओळख. संस्थापकाकडे पायपीट. शिंद्यांचे वृद्ध वडील आणि बहीण जनाबाई हेही या कामाला जुंपले होते. गिरणगावात, अस्पृश्य वस्तीत शाळा चालवायची, तीही त्या काळात, म्हणजे काय याची कल्पना आपण करू शकतो.

शिंदे हे प्रार्थना समाजाचे प्रचारक होते आणि चंदावरकर त्या समाजाचे अध्यक्ष. पुढे शिंद्यांचे समाजाशी मतभेद झाले आणि 1910 साली त्यांनी प्रचारकपद सोडलं. आपल्याकडे असं झालं असतं तर काय झालं असतं? इकडचा राग तिकडे निघाला असता आणि दोन्ही संस्था बुडाल्या असत्या. पण मिशनचे अध्यक्ष चंदावरकरच राहिले आणि मिशनचं काम शिंदेच पाहत राहिले. एका ठिकाणी पटत नाही म्हणून दुसऱ्या ठिकाणचं काम बंद पाडायचं नाही, हे भान दोघांनी ठेवलं. आम्हाला याचं फार मोल वाटतं. संस्थापक आणि अध्यक्ष एकमेकांचे सोयरे असलेच पाहिजेत असं नाही. कामापुरता विश्वास पुरतो.

मिशनला खरा प्रश्न विचारला गेला तो खालून. ज्यांच्यासाठी संस्था होती, त्यांनीच तो विचारला. 1920 साली 30 मे ते 1 जून असे तीन दिवस नागपूरला अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष राजर्षी शाहू महाराज. त्याच वर्षी 31 जानेवारीला ‘मूकनायक’ सुरू करणारे एकोणतीस वर्षांचे बाबासाहेब तिथे हजर होते. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कौन्सिलातल्या सभासदांनी निवडावेत, अशी सूचना मिशनच्या बाजूने सरकारकडे गेली होती. परिषदेत तिचा निषेध झाला. आमचा प्रतिनिधी आम्ही निवडू, तुम्ही कितीही भले असा, आमच्यासाठी तुम्ही ठरवू नका, असा त्याचा अर्थ. मिशनशी जवळीक असलेले आपल्या वऱ्हाडातले गणेश आकाजी गवई हेही त्या परिषदेत होते.

शिंद्यांना हे लागलं असणार. ज्यांनी सगळं आयुष्य वाहिलं, त्यांच्या संस्थेवर भर सभेत ठराव होतो, ही सोपी गोष्ट नाही. परंतु काळ बदलला होता. 1923 च्या सुमारास ते मिशनच्या कारभारातून बाजूला झाले. चंदावरकरही 1923 सालीच वारले. शिंदे पुढे एकवीस वर्षे जगले, अस्पृश्यतेच्या प्रश्नावर लिहीत आणि काम करत राहिले, 2 जानेवारी 1944 रोजी त्यांचं निधन झालं. त्यांचे आणि आपल्या चळवळीचे मतभेद होते, ते लपवायचं कारण नाही. पण त्यांचं ऋण नाकारलं तर आपण कृतघ्न ठरू.

आता पाहा, बाबासाहेबांनी यातून काय घेतलं. 9 मार्च 1924 रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा झाली आणि 20 जुलै 1924 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिची रचना आम्ही कितीतरी वेळा वाचली. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड. उपाध्यक्षांत पारशी, ज्यू, सवर्ण हिंदू अशी नामवंत मंडळी. पण व्यवस्थापक मंडळाचे चेअरमन स्वतः बाबासाहेब, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर आणि खजिनदार आपल्याच समाजातले. म्हणजे मानाच्या जागा मोठ्या माणसांना, आणि कारभाराच्या जागा ज्यांचं दुखणं आहे त्यांना. कोणाचा कागद कोणी सही करायचा हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. शिवतरकर चांभार समाजाचे म्हणून आपल्याच काही लोकांनी नाक मुरडलं, तरी बाबासाहेबांनी त्यांना हलवलं नाही. पुढच्याच वर्षी, 1925 साली, सभेने सोलापूरला वसतिगृह काढलं.

पुढे 8 जुलै 1945 रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली. तिथे संस्थापकही बाबासाहेब आणि अध्यक्षही बाबासाहेब. त्यांच्या हयातीत भांडणाचा प्रश्नच नव्हता. पण 6 डिसेंबर 1956 नंतरच्या काळात त्या संस्थेत गट झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचत आलो आहोत. एवढ्या मोठ्या माणसाच्या संस्थेची ही गत, तर आपल्या विहाराची काय कथा! 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. राजकारणातल्या विभूतिपूजेबद्दल त्यांनी इशारा दिला. आणि ठराव, गणपूर्ती, मतदान हे नियम भिक्षुसंघाला ठाऊक होते, याची आठवण करून दिली. आपण त्यांचा फोटो लावतो. हे दोन शब्द मात्र विसरतो.

आपल्या शेजारच्या मूर्तिजापूरला धर्मशाळा बांधणारे गाडगेबाबा या बाबतीत अडाणी नव्हते, फार शहाणे होते. धर्मशाळा बांधायची आणि खराटा घेऊन पुढच्या गावाला निघायचं. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बांधलेलं हातातून सोडणं हीसुद्धा एक विद्या आहे.

एवढं सगळं लिहून आता घरचं सांगतो. नावं घेणार नाही. सगळ्यांना माहीत आहे.

आपल्या विहारात वाद सुरू झाला तो दानपेटीच्या किल्लीवरून आणि संगमरवरी पाटीवरून. वडीलधारे म्हणत, जागा मी मिळवली, मी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, किल्ली माझ्याजवळ राहील. अध्यक्ष म्हणत, ऑडिट माझ्या सहीने होते, उद्या चौकशी आली तर जबाबदार मी, किल्ली कार्यालयात राहील. दोघांचंही खोटं नव्हतं. आम्ही कार्यकारिणीत होतो. एका बाजूने कागद आणला, आम्ही न वाचता सही केली. दुसऱ्या बाजूने आणला, त्यावरही केली. भांडण वाढलं त्यात आमच्यासारख्या न वाचता सही करणाऱ्यांचा वाटा मोठा आहे, हे इथे कबूल करतो. एका वर्षी बुद्धपौर्णिमेला एकाच रस्त्यावर दोन मांडव पडले. दोन लाऊडस्पीकर, दोन वंदना. पोरं विचारत होती, आपण कोणत्या मांडवात जायचं?

तेव्हा पंचायत मिटवली ती बायांनी. महिला मंडळाच्या एक आजी दोघांच्याही दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “काहून रे बाप्पा, भीमाच्या नावानं दोन चुली कायले मांडता? जोवर तुम्ही दोघं एका चटईवर बसत नाही, तोवर आमची वर्गणीही नाही अन् खीरही नाही.” आणि खरंच एकाही घराने दिली नाही. महिनाभरात दोघे एका चटईवर बसले. कोसंबीची गोष्ट त्या आजींना माहीत नव्हती. आम्हालाही ती नंतर वाचायला मिळाली.

त्या दिवशी ओट्यावर, सर्वांसमोर, दोन वर्षांचा हिशोब मोठ्याने वाचला गेला. विनयात भांडण मिटवण्याच्या सात रीती सांगितल्या आहेत. पहिली रीत अशी की जे काय मिटवायचं ते दोन्ही बाजू समोर असताना मिटवायचं. चहाच्या टपरीवर मिटवायचं नाही. बहुमताने शलाका टाकून ठरवायचीही रीत आहे. आणि शेवटची रीत गवत अंथरण्याची. भांडण फार जुनं झालं, दोन्हीकडून बरंवाईट बोलून झालं, तर प्रत्येक चूक उकरत बसायचं नाही. शेणावर गवत टाकतात तसं झाकायचं आणि पुढे चालायचं. पण आमच्या मते हिशोबावर गवत टाकायचं नाही. बोलण्यावर टाकायचं.

सगळं गोड झालं असं आम्ही म्हणणार नाही. वडीलधारे वंदनेला येतात, बैठकीला येत नाहीत. संगमरवरी पाटी अजून भिंतीला टेकवून उभी आहे, कारण नावांचा क्रम ठरलेला नाही. फोटोचा प्रश्न असा सुटला की पहिल्या पानावर तथागत आणि बाबासाहेब, आणि आतल्या पानावर ज्या घरांनी पहिल्या विटेपासून वर्गणी दिली त्या घरांची यादी. ती यादी जमवताना आम्हाला चार वह्या धुंडाळाव्या लागल्या. काही नावं आता हयात नाहीत.

येत्या निवडणुकीपूर्वी काही गोष्टी व्हाव्यात, अशी विनंती आहे. आपलं विहार 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेलं आहे. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो वेळेवर गेला नाही की जुनीच नावं दप्तरी राहतात आणि पुढच्या भांडणाचं बी तिथेच पडतं. हे काम कोणी करायचं, ते नावानिशी ठराववहीत लिहावं. अध्यक्षपदाची मुदत ठरवावी. संस्थापकांना सन्मानाची जागा आणि बोलण्याचा हक्क कायमचा असावा, परंतु किल्ली आणि सही निवडून आलेल्या तिघांकडे असावी, आणि त्या तिघांत एक बाई असावी. दर बुद्धपौर्णिमेला हिशोब ओट्यावर वाचावा. आणि आमच्यासारख्यांनी न वाचता सही करू नये.

संस्थापक गेला तर संस्था पोरकी होते. अध्यक्ष नसला तर संस्था बेवारस होते. आणि समाजाने पाठ फिरवली तर मागे नुसत्या भिंती उरतात. वर्धापनदिनाच्या दिवशी वडीलधारे आणि अध्यक्ष दोघेही समोर बसलेले असतील. त्या दिवशी ती पाटी भिंतीत बसवावी, आणि क्रम ठरत नसेल तर बाराखडीप्रमाणे नावं लिहावीत, एवढीच आमची हात जोडून सूचना आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!